विश्वासाच्या कबुलीत जात कुठे आहे?

भारतातल्या ल्युथरन चर्चमध्ये ‘खरा ल्युथरन कोण’ हा वाद जुना आहे. १५३० सालचा आउग्सबुर्ग विश्वासांगीकार हाच आपला कणा, तो सोडला तर आपण उरतोच कुठे, असं एक बाजू म्हणते. सोळाव्या शतकातल्या जर्मनीतली भांडणं इथे कशाला, असं दुसरी विचारते. १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालं तेव्हा ल्युथरन मंडळ्या बाहेर राहिल्या, त्यामागेही ही ओळख जपण्याची काळजी होती. जातीची अभ्यासक म्हणून हा वाद वाचताना मला दोन्ही बाजूंना एकच विचारावंसं वाटतं: या कबुलीत जात कुठे आहे?

तमिळ किनाऱ्यावरच्या त्रांकेबारला, म्हणजे आजच्या तरंगंबाडीला, पहिले ल्युथरन मिशनरी १७०६ साली उतरले. १७३३ साली आरोन हे पहिले भारतीय ल्युथरन पाळक झाले. ते वेल्लाळर होते. राजनायक्कन हे परैयर प्रचारक कामाने कमी नव्हते, पण त्यांच्या हातून वरच्या जातीचे लोक प्रभुभोजन घेणार नाहीत, या भीतीने त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली नाही. देवाच्या टेबलापाशी शेवटचा शब्द जातीचा ठरला.

एकोणिसाव्या शतकात या व्यवहाराला तत्त्वाचा आधारही मिळाला. १८३३ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमध्ये जात सोडलीच पाहिजे असं फर्मावलं. लाइपझिग मिशनचे कार्ल ग्राउल यांची भूमिका वेगळी होती: जात ही सामाजिक व्यवस्था आहे, ती शिकवणुकीने हळूहळू जाईल, सक्तीने नको. शुभवर्तमान आणि संस्कारांवर एकमत असलं की पुरे, बाकी बाबी गौण, हे ल्युथरन तत्त्व अशा सौम्यपणाला सोयीचं होतं. हे न पटलेले कार्ल ऑक्स मिशन सोडून गेले. म्हणजे वाद तेव्हाही झाला होता, पण सोय जिंकली.

गंमत अशी की ज्या परंपरेचा दाखला दिला जातो, तीच याच्या विरुद्ध साक्ष देते. १५७७ सालचा ‘फॉर्म्युला ऑफ काँकॉर्ड’ सांगतो की कबुली देण्याची वेळ येते तेव्हा गौण बाबतीतही माघार घ्यायची नाही. याच धाग्यावर ल्युथरन वर्ल्ड फेडरेशनने १९७७ साली दार-एस-सलामच्या अधिवेशनात वर्णभेद हा विश्वासाचाच प्रश्न ठरवला, आणि १९८४ साली बुडापेस्टला दक्षिण आफ्रिका व नामिबियातल्या दोन गोऱ्या चर्चचं सदस्यत्व स्थगित केलं. रंगाला लावलेली कसोटी जातीला का लावू नये?

हा त्यांचा घरगुती मामला आहे, असं आपल्यातले काही म्हणतील. मला तसं वाटत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. धर्मांतराने जात सुटत नाही, हे चर्च सरकारला सांगतं आणि ते खरंच आहे. बाबासाहेबांनीही ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीबद्दल लिहिताना हेच दाखवलं होतं. पण दिल्लीत मान्य केलेली जात आपल्या वेदीपाशी, कब्रस्तानात आणि सिनॉडच्या निवडणुकीतही मान्य करावी लागेल. नाहीतर मागणीचं बळच जातं.

महाराष्ट्रातून गेलेल्या अरविंद निर्मळांनी चेन्नईच्या गुरुकुल ल्युथरन कॉलेजात दलित धर्मशास्त्राचा विभाग उभा केला. दलितांचं दुःख हा धर्मशास्त्राचा आरंभबिंदू आहे, अशी त्यांची मांडणी होती. ओळखीच्या वादात ती परिशिष्टासारखी येते, हीच अडचण आहे.

विश्वासांगीकार टाकून द्या, असं मी म्हणत नाही. लहान चर्चला आपली ओळख हवी असते, हे समजू शकतं. पण वाद उघड होणार असेल तर त्यात पहिला प्रश्न राजनायक्कन यांचा असावा: भाकर कुणाच्या हातून घ्यायची, हे जर जात ठरवत असेल, तर तुमची कबुली नेमकी कशाची आहे?