जुनी गाडी, झाकलेले इंजिन आणि बाजारातील विश्वास

नौपाडा ही ठाण्यातील जुनी मध्यमवर्गीय वस्ती. गोखले रस्ता, राम मारुती रस्ता, घंटाळी या परिसरातील बैठी घरे गेली, इमारती आल्या, गाड्या वाढल्या. रस्त्यांची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. अखेर गावदेवी मैदानाच्या पोटात वाहनतळ बांधावा लागला. अशा वस्तीत वेगासाठी बांधलेली 'स्पोर्ट्स' गाडी घेऊन करायचे काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. परंतु इच्छा रस्त्याची रुंदी मोजून निर्माण होत नाही. लोकलच्या पासावर आयुष्य काढलेल्या पिढीची मुले आज बरा पगार मिळवितात. ठाणे जिल्ह्यातील आमण्यापासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आहे. नवी वेगवान गाडी आवाक्याबाहेरची असली, तरी सहा-सात वर्षे वापरलेली तीच गाडी निम्म्याहून कमी किमतीत मिळते, हेही ठाऊक आहे. साहजिकच पाय जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळतात आणि तेथे एकच शंका मन पोखरू लागते: वरून झकपक दिसणाऱ्या या गाडीचे इंजिन टिकेल काय?

ही शंका हौशी तरुणांपुरती असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण देशात २०२४-२५ या वर्षात सुमारे ४३ लाख नव्या प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि जुन्या गाड्यांचे व्यवहार त्याहून अधिक होतात, असा या उद्योगातील जाणकारांचा अंदाज आहे. घराखालोखाल मोठी अशी ही खरेदी लक्षावधी कुटुंबे जवळजवळ डोळे मिटून करीत असतील, तर तो सार्वजनिक विचाराचा विषय ठरतो.

अकरलॉफ यांचा दाखला

या शंकेचे शास्त्र जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडले. त्यांचा निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठविला होता. त्याच विचारासाठी २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. निबंधाचा विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. बाजारातील तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडीत बसणारी भारतीय गृहिणीही त्यामुळे त्या निबंधात येऊन गेली आहे.

त्यांचा युक्तिवाद साध्या आकड्यांत सांगता येतो. समजा, बाजारातील निम्म्या गाड्या उत्तम असून त्यांची खरी किंमत ६ लाख रुपये आहे. उरलेल्या निम्म्या आतून पोखरलेल्या असून त्यांची किंमत ३ लाख आहे. कोणती गाडी कशी, हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही. घेणारा साहजिकच सरासरी काढून साडेचार लाख देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही. तो गाडी स्वतःच वापरतो किंवा मेहुण्याला देतो. बाजारात उरतात त्या वाईट गाड्या. घेणाऱ्याच्या हे ध्यानात आले की तो भाव आणखी पाडतो. अशा रीतीने वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. यात कोणी मोठा लबाड असावा लागत नाही. माहितीची विषमता पुरेशी होते.

वेगाची किंमत

सर्वसाधारण गाडीपेक्षा स्पोर्ट्स गाडीच्या बाबतीत ही विषमता अधिक तीव्र असते. साधी गाडी कुटुंबाने वापरलेली असते आणि तिची झीज बहुधा किलोमीटरच्या आकड्यातून कळते. वेगाच्या गाडीचे तसे नाही. चाळीस हजार किलोमीटर शांतपणे चाललेले इंजिन आणि तेवढेच अंतर सतत उच्च फेऱ्यांवर पिळलेले इंजिन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. टर्बोचार्जर बसविलेल्या इंजिनात तेल वेळेवर बदलले की नाही, यावर त्याचे आयुष्य ठरते. शिवाय अनेक हौशी मालक इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून अधिक शक्ती काढून घेतात. विकण्यापूर्वी मूळ आज्ञावली परत घातली की सामान्य ग्राहकाला त्याचा मागमूस लागत नाही. पिस्टन, क्लच व गिअरपेटी यांनी सोसलेला ताण मात्र तेथेच राहतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गाडीची विक्रीची किंमत वयाबरोबर झपाट्याने उतरते, परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. ४० लाखांची गाडी १० लाखांत मिळाली, तरी तिचा टर्बो किंवा गिअरपेटी ४० लाखांच्या गाडीचीच असते. म्हणजे घेणारा दहा लाखांच्या ऐपतीवर चाळीस लाखांच्या देखभालीची जबाबदारी पत्करतो. अनेकदा मालक गाडी विकतो तो नेमका मोठ्या खर्चाच्या तोंडावर. तो खर्च किमतीत दिसत नाही. हप्ते सुरू झाल्यावर दिसतो.

त्यात कोकणपट्टीच्या पावसाची भर पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातही हाहाकार उडाला. तो प्रसंग असाधारण होता. पण नौपाड्यातील वंदना चित्रपटगृहाच्या परिसरात पाणी साचणे हे दर पावसाळ्याचेच आहे. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे आसन धुऊन वाळविता येते. सिलिंडरात शिरलेल्या पाण्याने वाकलेला कनेक्टिंग रॉड व तारांच्या जोडांत धरलेला गंज सहजासहजी दिसत नाही.

पूर्वीचे अज्ञान आणि आजचे

परवान्यांच्या युगात अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी व स्टँडर्ड एवढ्याच गाड्या रस्त्यावर होत्या. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे आणि जुनी गाडी कधीकधी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जाई. ग्राहकाची ती पिळवणूकच होती. तथापि त्या काळी माहितीची विषमता कमी होती, हे मान्य करावे लागेल. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी कोपऱ्यावरचा मिस्त्री डोळे मिटून उघडू शके. तिची व्यंगे सर्वांना पाठ होती.

उदारीकरणानंतर निवड वाढली आणि तिच्याबरोबर अज्ञानही. आजच्या इंजिनाविषयीची माहिती मिस्त्रीकडे नाही, कित्येकदा मालकाकडेही नाही. ती संगणकात व कंपनीच्या दप्तरी असते. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालेले फोक्सवॅगनचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. चाचणी सुरू आहे हे ओळखून धूर कमी दाखविणारी आज्ञावली डिझेल इंजिनांत बसविली होती. भारतातही कंपनीला ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सरकारी यंत्रणांना जे वर्षानुवर्षे दिसले नाही, ते नौपाड्यातील बँक कर्मचाऱ्याने अर्ध्या तासाच्या फेरफटक्यात ओळखावे, ही अपेक्षा हास्यास्पद आहे.

कंपन्याही कायम राहत नाहीत. कल्याणच्या कारखान्यात १९९०च्या दशकात तयार झालेली प्यूजो ३०९ अल्पावधीत बंद पडली. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये येथील विक्री थांबविली आणि फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा गाड्या स्वस्त दिसतात, त्यामागे सुट्या भागांची चिंताही असते. आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाचा प्रश्न पुढे आला आहे. जुन्या रचनेच्या चारचाकींचे इंधन-अंतर त्यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज २०२१ च्या सरकारी आराखड्यातच दिला होता. जुन्या इंजिनाच्या खरेदीदाराला हाही हिशेब मांडावा लागेल.

कायद्याचे मौन

या विषमतेवर कायद्याने काय केले आहे? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार घर विकणाऱ्याने स्वतःला ठाऊक असलेले, पण साधारण सावधगिरीने घेणाऱ्याला न कळणारे गंभीर दोष उघड करणे बंधनकारक आहे. गाडी विकणाऱ्यावर असे सर्वसाधारण बंधन नाही. १९३० चा वस्तुविक्री कायदा मुळात ग्राहकानेच सावध राहावे, असे मानतो; त्याचे अपवाद व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालापुरते आहेत. १८७२ च्या करार कायद्यात तर घोड्याचेच उदाहरण दिले आहे: रोगट घोडा लिलावात विकणारा त्याच्या रोगाविषयी गप्प राहिला, तर ती फसवणूक ठरत नाही. मात्र त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, 'तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा निरोगी समजेन' असे ग्राहकाने सांगितल्यावर विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानावे. दीडशे वर्षांपूर्वीची ही तरतूद अश्वशक्तीच्या व्यवहारालाही उपयोगी आहे. इंजिन उघडले होते काय, गाडी पाण्यात होती काय, आज्ञावली बदलली होती काय, हे प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर मागितले की मौनाचा आडोसा नाहीसा होतो.

सरकार स्वस्थ बसलेले नाही, हेही खरे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकृत नोंदणीची नियमावली लागू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने नोंदणीकृत व्यापाऱ्यांच्या जुन्या गाड्यांवरील नफ्यावर सरसकट १८ टक्के कराची शिफारस केली. परंतु या उपायांचा रोख मालकी आणि महसूल यांवर आहे. व्यापाऱ्याला किती नफा झाला, हे सरकार विचारते. इंजिन कसे आहे, हे विचारत नाही. खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की तब्बल पंधरा वर्षे तिच्या यंत्राकडे पाहणारे अधिकृत कोणी नाही.

करता येण्याजोगे

संघटित व्यापारी आता तपासणीचे दाखले व हमी देतात. त्याचे स्वागत केले पाहिजे. कारण निकृष्ट माल विकणाऱ्याला हमी परवडत नाही आणि म्हणून हमी हीच एक माहिती असते. तथापि तपासणारा आणि विकणारा एकच असेल, तर दाखल्याचे मोल मर्यादित राहते. हमीपत्रातून टर्बो व क्लच वगळले असतील, तर स्पोर्ट्स गाडीच्या ग्राहकाला त्याचा उपयोग काय?

बेल्जियमने २००६ मध्ये प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी किलोमीटरची नोंद मध्यवर्ती संस्थेकडे पाठविणे सक्तीचे केले. तेथे आकडा मागे फिरविण्याचा धंदा जवळजवळ संपला. अमेरिकेत १९८५ पासून व्यापाऱ्याने गाडीच्या काचेवर हमी आहे की नाही याची चिठ्ठी लावावी लागते. आपल्याकडे तर प्रत्येक गाडी प्रदूषण तपासणीसाठी वर्षातून एकदा तरी केंद्रावर जाते. त्याच वेळी किलोमीटरचा आकडा नोंदवून तो वाहन नोंदणीच्या संगणकीय दप्तरात ठेवला आणि खरेदीदाराला पाहू दिला, तर फारसा खर्च न करता मोठे काम होईल. अधिकृत कार्यशाळांतील दुरुस्तीचा व विम्याच्या दाव्यांचा इतिहासही गाडीबरोबर नव्या मालकाकडे जावयास हवा.

तोवर ग्राहकाने आपल्या परीने काळजी घ्यावी. गाडी पूर्ण थंड असताना इंजिन सुरू करावे. निळसर धूर तेल जळत असल्याचे आणि सतत येणारा पांढरा धूर शीतकाचे पाणी आत शिरत असल्याचे लक्षण असू शकते. सिलिंडरांचा दाब विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीकडून मोजून घ्यावा आणि त्याची मजुरी देताना हात आखडू नये. किमतीचा निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे शक्य नसेल, तर ती गाडी परवडत नाही, असे समजावे.

हौस हा गुन्हा नव्हे. पण ज्या बाजारात प्रामाणिक विक्रेत्याला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे साधन नाही, तेथे प्रामाणिक माणूस बाजार सोडतो आणि नुकसान दोघांचे होते. चांगल्या गाडीच्या मालकाला योग्य भाव व घेणाऱ्याला योग्य गाडी मिळावी, यासाठी लागते ती खात्रीलायक माहिती. ती नोंदविण्याची यंत्रणा बरीचशी उभी आहे. ती ग्राहकाच्या कामी लावण्याचा निर्णय तेवढा बाकी आहे.