बाई थांबेलच!



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झालेला असेल. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतील आणि धाराशिवच्या चौकांतून वाट काढताना अनेकींचा जीव मुठीत येईल. म्हणून या वेळी थोडे चौकाविषयी.

बैठकांसाठी मी सात वर्षे स्कूटीवर गावोगाव फिरते आहे. सिग्नल नसलेल्या चौकात कोणी कोणाशी बोलत नाही, पण प्रत्येक जण दुसऱ्याचे मन वाचत असतो. समोरच्याचे चाक कुठे वळले, त्याने वेग कमी केला का, तो आपल्याकडे पाहतो आहे का, यावरून अंदाज बांधला जातो. त्यात आणखी एक गोष्ट गृहीत असते : स्कूटीवर बाई आहे, म्हणजे ती थांबेलच.

आणि मी थांबते. न थांबून करणार काय? समोरचा माझ्या थांबण्याच्या भरवशावरच वेगाने आलेला असतो. मी थांबले की त्याचा अंदाज खरा ठरतो आणि पुढच्या बाईसाठी आणखी पक्का होतो. एकदा मी थांबले नाही. जीपवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि ओरडला, "बाई, दिसत नाही का?"

तो माझ्या डावीकडून आला होता. दोन्ही रस्ते सारखे असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, हा नियम १९८९च्या नियमावलीत होता, २०१७च्या नियमावलीतही आहे. त्यात लहान-मोठे वाहन, बाई-पुरुष असा भेद नाही. हक्क माझा होता, शिव्याही मलाच मिळाल्या.

हा अंदाज फक्त रस्त्यावरचा आहे का? मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. तरी वाटणीच्या वेळी भावांनी धरलेलेच असते की बहीण हक्कसोड लिहून देईल. तिथेही ती थांबते, आणि त्याला समजूतदारपणा म्हणतात.

भरल्या ट्रॉलीपुढे स्कूटी घालून हक्क सिद्ध होत नाही; ती ट्रॉली चटकन थांबूच शकत नाही. पण चौकात थांबण्याचे पांढरे पट्टे, गतिरोधक, ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर आणि परवाना देताना या नियमाची नीट उजळणी, एवढे आपण नगरपरिषद आणि आरटीओकडे लेखी मागणार आहोत. सह्यांचा कागद या अंकासोबत आहे.

थांबायचे तर सगळ्यांनी, नियमाने. एकटीने, सवयीने नव्हे.