गॅस भरण्याआधी गळती शोधा

‘‘मॅडम, गॅस कम है, डलवा लो.’’

हे वाक्य मी सलग तीन उन्हाळे ऐकलं आणि तिन्ही वेळा मुकाट्याने पैसे मोजले. दरवर्षी मे महिना बरा जायचा, पुढच्या मार्चपर्यंत गाडीचा एसी पुन्हा कोमट वारा फेकू लागायचा. मला वाटायचं, पेट्रोलसारखा गॅसही वापरून संपत असेल.

गेल्या जूनमध्ये सासऱ्यांना डोळ्यांच्या तपासणीसाठी घेऊन निघाले होते. आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरपासून भिकाजी कामा प्लेसच्या चौकापर्यंत सगळं ठीक होतं. सिग्नलला गाडी थांबली आणि दोन मिनिटांत आतला वारा गरम झाला. मागून बाबांचा आवाज आला, ‘‘काच खाली कर गं, जीव घाबरा होतोय.’’ अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस घामाने निथळत होता. काच खाली केली तर बाहेरून भट्टीसारखी झळ. कशीबशी सावलीत गाडी घेतली, पाणी पाजलं, मान ओल्या रुमालाने पुसली, तेव्हा त्यांना बरं वाटलं. त्या दिवशी ठरवलं, एसीला चैनीची वस्तू समजून हयगय करायची नाही आणि गॅरेजमध्ये मान डोलवण्याआधी आपल्याला चार गोष्टी ठाऊक असायला हव्यात. त्याच आज तुम्हाला सांगते.

गॅस संपत नाही, गळतो

गाडीच्या एसीतला वायू एका बंद वर्तुळात फिरतो. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यामुळे तो तापतो. मग तो गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन त्याचा द्रव होतो. पुढे एका बारीक झडपेतून तो डॅशबोर्डमागच्या जाळीत, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये शिरतो. तिथे दाब एकदम कमी झाल्याने त्याची पुन्हा वाफ होते आणि जाळी गार पडते. ब्लोअरचा पंखा त्या जाळीवरून वारा फेकतो, तोच आपल्या तोंडावर येतो.

या फेऱ्यात काहीच जळत नाही, काहीच खर्च होत नाही. रबरी नळ्या आणि सांध्यांतून वर्षानुवर्षांत थोडासा वायू झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

यात फक्त आपल्या पैशांचं नुकसान नाही. जुन्या गाड्यांतला आर-१२ हा वायू ओझोनच्या थराला घातक ठरला. १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आज हाच आहे. तो ओझोनला त्रास देत नाही, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त प्रभावी आहे. छोट्या गाडीतला साडेचारशे ग्रॅम वायू हवेत सोडणं म्हणजे साधारण अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका धूर सोडणं. म्हणून ‘‘जुना गॅस उडवून देतो’’ असं म्हणणाऱ्या मेकॅनिकला तिथेच थांबवा.

घरच्या घरी निदान

गॅरेजला जाण्याआधी दहा मिनिटं काढा. गाडी सावलीत उभी करा, इंजिन सुरू करा, एसी पूर्ण थंडावर आणि पंखा मोठा ठेवा. आता खालच्यापैकी कोणतं लक्षण जुळतं ते पाहा.

वारा गार आहे, पण जोर नाही : दोष बहुधा गॅसचा नाही. केबिन फिल्टर धुळीने बुजलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, पाच मिनिटांत हाताने निघतो आणि काहीशे रुपयांत नवा मिळतो.

वारा जोरात आहे, पण गार नाही : कुणाला तरी एसीचं बटण चालू-बंद करायला सांगा आणि बॉनेटजवळ कान द्या. बटण दाबताच ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिनाचा सूर किंचित बदलला, तर कॉम्प्रेसर जोडला जातोय. काही नव्या गाड्यांत हा आवाज येतच नाही, तिथे नुसत्या सुराकडे लक्ष द्या. काहीच बदल नसेल, तर फ्यूज, रिले, वायर किंवा कमी गॅस यांपैकी काहीतरी आहे. गॅस फार कमी झाला की दाब मोजणारा स्विच कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही. सरकारी कॉलनीत झाडाखाली गाड्या उभ्या राहतात, तिथे उंदरांनी वायर कुरतडणं ही नेहमीचीच गोष्ट.

धावताना गार, सिग्नलला गरम : कंडेन्सरला पुरेशी हवा मिळत नाही. गाडी धावताना समोरून वारा लागतो, उभी असताना सगळी भिस्त पंख्यावर. एसी सुरू केल्यावर रेडिएटरजवळचा पंखा फिरतो का पाहा. मात्र हात किंवा ओढणी त्याच्याजवळ नेऊ नका, तो अचानक सुरू होतो. पंखा ठीक असेल, तर जाळीत धूळ, किडे आणि पानं अडकलेली असू शकतात. गॅस कमी असतानाही हेच लक्षण दिसतं, कारण उभ्या गाडीत कॉम्प्रेसर हळू फिरतो.

आधी छान गार, अर्ध्या तासाने वाराच येईनासा : डॅशबोर्डमागच्या जाळीवर बर्फ जमतोय. एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. थोड्या वेळाने वारा परत आला, तर निदान पक्कं. कारण गॅस कमी, फिल्टर बुजलेला किंवा तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला.

कुबट वास : ओल्या जाळीवर बुरशी धरलीय. घर येण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून पंखा चालू ठेवायची सवय लावा, जाळी सुकते. अत्तराची बाटली लटकवून वास झाकला, तरी बुरशी जात नाही.

पायाखाली पाणी : एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकणं चांगलं लक्षण आहे. ते बाहेर न पडता मॅटवर साचत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबलीय. ती साफ करणं स्वस्तातलं काम आहे.

एक युक्ती आणखी. इंजिन बंद आणि गार असताना बॉनेट उघडून अॅल्युमिनियमच्या एसी पाइपांचे सांधे पाहा. एखाद्या सांध्यावर तेलकट, काळपट धूळ चिकटलेली दिसली, तर गळती बहुधा तिथेच आहे. वायूसोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, वायू उडून जातो आणि तेल डाग सोडतं.

गॅरेजमध्ये काय मागायचं?

चौथ्या वर्षी मी दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. त्याने गॅस भरला नाही, आधी मशीनने काढून तोलला. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४३० ग्रॅम लिहिलेलं होतं, निघाला १७० ग्रॅम. मग त्याने सिस्टिममध्ये नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला. कंडेन्सरच्या एका सांध्यावर बुडबुडे आले. आतली रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. तीन उन्हाळे पैसे घालवले, ते एवढ्याशा रिंगपायी. कंडेन्सरची जाळीही धुळीने भरली होती, ती धुऊन घेतली.

तुम्हीही या पाच गोष्टी मागून घ्या :

१. उरलेला गॅस मशीनने काढून तोला आणि आकडा दाखवा.

२. गळती शोधा. नायट्रोजनचा दाब, चमकणारा रंग किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्र, काहीही चालेल, पण नुसत्या अंदाजावर काम नको.

३. सांधा उघडला, तर रिंग नवी टाका. सिस्टिम बराच काळ उघडी राहिली असेल, तर ओलावा शोषणारा ड्रायरही बदला.

४. गॅस भरण्याआधी किमान अर्धा तास व्हॅक्यूम करा आणि पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहतो का, ते पाहा. आत राहिलेली हवा आणि ओलावा एसीचे शत्रू आहेत.

५. स्टिकरवर लिहिलेला वायू, लिहिलेल्या वजनाइतकाच भरा. जास्त गॅस म्हणजे जास्त गार, हा समज चुकीचा आहे. जास्त भरल्याने दाब वाढतो, थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

स्वस्तातले डबे आणून घरी गॅस भरायचा मोह टाळा. हा वायू त्वचेवर किंवा डोळ्यात उडाला, तर बर्फाने भाजल्यासारखी इजा करतो. काही भेसळीच्या डब्यांत पेट घेणारा वायू असतो, तो आपल्या पायांपुढच्या डॅशबोर्डमागे फिरवण्यात शहाणपण नाही.

हीटरचं गणित वेगळं

दिल्लीत ज्यांनी डिसेंबर-जानेवारी काढलाय, त्यांना हीटरची किंमत वेगळी सांगायला नको. इंजिन गार ठेवणारं कूलंट तापलेलं असतं. तेच डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवून आपल्याला ऊब मिळते. ही उष्णता एरवी वायाच जाते, म्हणून हीटरमुळे पेट्रोलचा खर्च जवळजवळ वाढत नाही. मात्र इंजिन तापेपर्यंत चार-पाच मिनिटं वाट पाहावी लागते.

हीटर तापतच नसेल, तर आधी कूलंटची पातळी पाहा. तापमानाचा काटा बराच वेळ खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. कूलंट बरोबर, इंजिनही तापलेलं, तरी वारा गार असेल, तर हीटरची जाळी चोंदलीय किंवा गार-गरम हवा मिसळणारी झडप अडकलीय. हीच झडप उन्हाळ्यात गरम बाजूला अडकली, तर चांगला एसीही कोमट वाटतो.

गाडीत गोडसर वास येत असेल, काचेवर आतून चिकट थर बसत असेल आणि कूलंट वारंवार कमी होत असेल, तर हीटरची जाळी गळतेय. हे काम लांबणीवर टाकू नका, इंजिन तापून मोठा खर्च निघतो. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उसळतं.

धुक्याच्या सकाळी मुलांना शाळेत सोडताना समोरची काच आतून धूसर होते. तेव्हा हीटर आणि एसी दोन्ही एकत्र लावा, वारा काचेकडे वळवा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर ती गरम करतो, काच लवकर स्वच्छ होते. हिवाळ्यात आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवल्याने तेलही फिरत राहतं आणि रबरी रिंगा सुकत नाहीत.

आर. के. पुरमची हवा आणि फिल्टर

आमच्या भागात दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीचं हवा मोजणारं केंद्र आहे. नोव्हेंबरमध्ये त्याचा आकडा कित्येकदा ४००च्या वर, म्हणजे ‘गंभीर’ गटात जातो. त्याच हवेतून आपली गाडी श्वास घेते. कंपनीच्या पुस्तिकेत फिल्टर बदलायचा जो काळ दिलेला असतो, त्याच्या निम्म्या काळातच इथे तो काळा पडतो. मी वर्षातून दोनदा बदलते : मार्च-एप्रिलमध्ये कडुलिंबाची पानगळ झाल्यावर आणि दिवाळीनंतर. त्याच वेळी बॉनेट आणि समोरच्या काचेमधल्या जाळीतली पानंही हाताने काढते.

प्रदूषणाच्या दिवसांत आतलीच हवा फिरवायचं बटण चालू ठेवा, पण लांबच्या प्रवासात अर्ध्या तासाने थोडा वेळ बाहेरची हवा घ्या. बंद गाडीत चार-पाच माणसांच्या श्वासाने हवा जड होते आणि चालवणाऱ्याला झोप येते.

दोन गोष्टी ज्यात तडजोड नाही

पहिली : ‘एसी चालूच आहे’ म्हणून मुलांना, वृद्धांना किंवा पाळीव प्राण्यांना गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. इंजिन किंवा कॉम्प्रेसर बंद पडला, तर उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढू शकतं. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

दुसरी : एसी असो की हीटर, इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका, बंद गॅरेजमध्ये तर मुळीच नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि वासहीन असतो, झोपलेल्या माणसाला तो जाणवतही नाही.

२९ मे २०२४ला सफदरजंगच्या वेधशाळेत पारा ४६ अंशांच्या पुढे गेला होता. असे दिवस यापुढेही येणार. त्यासाठी मे महिन्याची वाट पाहू नका. मार्चमधल्या एखाद्या रविवारी बॉनेट उघडा, कान द्या, सांधे पाहा, फिल्टर काढा. मग गॅरेजमध्ये कुणी म्हणालं, ‘‘गॅस कम है’’, तर शांतपणे विचारा, ‘‘गया कहाँ?’’

बाबा यंदाच्या तपासणीला त्याच गाडीतून गेले. भिकाजी कामाच्या सिग्नलला तीन मिनिटं थांबलो, तेव्हा मागून आवाज आला, ‘‘एसी जरा कमी कर गं, थंडी वाजतेय.’’