ड्रमवर कोण होतं?

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्याकडे दहा-बारा जण जेवायला होते. जेवणं झाल्यावर नातवानं टीव्हीवर ‘जान पहचान हो’ लावलं. ‘गुमनाम’मधलं, मुखवटे लावून नाचणाऱ्यांचं. त्याला ते इथल्याच एका चित्रपटात सापडलं होतं. ‘घोस्ट वर्ल्ड’ (२००१) सुरू होतो तोच या गाण्यानं. पुढे २०११ मध्ये एका बिअरच्या जाहिरातीतही ते वाजलं.

मास्तरकीची खोड जात नाही. मी विचारलं, आवाज कोणाचा? सगळे एका सुरात म्हणाले, रफी. संगीत? शंकर-जयकिशन. नाचणारी? लक्ष्मी छाया, असं आमच्या सौ.नी स्वयंपाकघरातून सांगितलं. आणि मागे गिटार-ड्रम घेऊन उभी असलेली ती मुलं? कोणी बोलेना.

ती मुलं म्हणजे ‘टेड लायन्स अँड हिज कब्स’. सिंह आणि त्याचे छावे! साठच्या दशकात मुंबईत अशा बीट ग्रुपांची लाट आली होती. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, चार-पाच पोरं, आणि डोक्यात बीटल्स नाहीतर शॅडोज. बरेचसे ग्रुप नोकरी, लग्न किंवा परदेशाचा व्हिसा येईपर्यंतच टिकत. या छाव्यांची आज जगाला ओळख आहे ती १९६५ च्या त्या एका गाण्यापुरती.

त्या वर्षी मी मुंबईत कॉलेजात होतो. ‘गुमनाम’ दोनदा पाहिला, दोन्ही वेळा नंदासाठी. बँडकडे माझंही लक्ष गेलं नाही, हे कबूल करतो.

‘यात आपलं मराठी काय?’ असं आमच्यातले एक स्नेही नेहमी विचारतात. त्यांना सांगतो, दिग्दर्शक राजा नवाथे, नायिका मास्टर विनायकांची मुलगी. पण मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतातला पाश्चात्त्य साज मुख्यतः गोव्याच्या वादकांनी चढवला. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या चालींची वाद्यरचना नोटेशनमध्ये लिहून काढत. सी. रामचंद्रांना चिक चॉकलेट साहाय्य करत, आणि ‘अलबेला’त (१९५१) भगवानदादांच्या नाचामागे त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. आपण अण्णांवर आणि भगवानदादांवर दिवाळी अंकांतून पानंच्या पानं लिहिली. चिक चॉकलेटवर किती? मुंबईच्या या स्टुडिओ वादकांच्या मुलाखती घेऊन त्यांचं मोठं पुस्तक केलं (२००८) ते न्यूझीलंडच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या ग्रेगरी बूथ यांनी. आपल्यापैकी कोणी नाही.

पार्श्वगायकाचं नाव आपण तोंडपाठ करतो. पार्श्ववादकाचं नाव मात्र विचारायचंसुद्धा सुचत नाही. ही सवय आपण बॅगेत घालून सातासमुद्रापार आणली, असं माझं मत आहे.

पुरावा माझ्याच घरातला देतो. ऐंशीच्या दशकात इथल्या गणेशोत्सवाची स्मरणिका दोन-तीन वर्षं मी काढत असे. तबल्याला एक गृहस्थ असत. दिवसभर कारखान्यात काम करून ते दीड तास गाडी हाकत तालमीला यायचे. मागच्या वर्षी त्यांच्या मुलीचा फोन आला. वडील गेले, त्यांच्या वादनाचा काही उल्लेख, एखादी टेप मिळेल का? मी माळ्यावरची खोकी उपसली. स्मरणिकेत प्रमुख पाहुणे होते, गायिका होत्या, जाहिरात देणारे दंतवैद्य तर सपत्नीक होते. तबलजींच्या जागी मी छापलं होतं: ‘साथसंगत: स्थानिक कलाकार’. वाक्य माझंच, आणि ते पीएच.डी. झाल्यावर लिहिलेलं.

तिला काय सांगणार? तीच पानं झेरॉक्स करून पाठवली आणि वर पेनानं त्यांचं नाव लिहिलं. ती ‘थँक यू, काका’ म्हणाली. त्यानंतर दोन दिवस मी त्या खोक्यांकडे फिरकलो नाही.

यंदाच्या दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमपत्रिकेत वादकांची नावं गायकांच्याच आकारात छापावीत, असा आग्रह मी समितीकडे धरला आहे. ध्वनियोजना सांभाळणाऱ्या मुलाचंही. ‘जागा पुरणार नाही’ असं उत्तर आलंय. दंतवैद्यांची जाहिरात थोडी लहान करा, असं मी कळवलंय.

आणि मंडळी, तुमच्या तळघरात जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट्स असतील तर टाकू नका. माझा कॅसेट प्लेअर अजून चालतो. येताना टेप घेऊन या, आणि ती ऐकून तबल्यावर कोण, पेटीवर कोण हे सांगू शकेल असं कोणी हयात असेल, तर त्यांनाही बरोबर आणा. चहा आमच्याकडे.