तांबड्या पाण्यातले स्फॅग्नम

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, सॅन ह्वान पर्वतरांगेतील सिल्व्हर्टनच्या आसपास, ३,००० मीटरच्या वर पाणथळ जागा चक्क उतारांवर आढळतात. निव्वळ पावसावर पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) साचावे इतकी ओल तिथे नाही. पाणी येते ते भूजलाच्या पाझरातून. म्हणून त्यांना ‘बॉग’ न म्हणता ‘फेन’ म्हणतात. पीटचा थर हजार वर्षांत जेमतेम वीतभर चढतो.

यांतल्या काही फेनचे पाणी पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असलेल्या खडकांतून झिरपते. पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल बनते, सामू चारच्या आसपास उतरतो, आणि विरघळलेले लोह हवा लागताच गंजासारखे थरावर थर बसते. असे पाणी बहुतेक वनस्पतींना सोसत नाही. स्फॅग्नमला मात्र ते मानवते. गुटी कलम बांधणाऱ्याच्या हातात येते तेच हे शेवाळ: मूठभर पिळले की धार लागते, कारण त्याच्या पानांतल्या मोठ्या, मृत, सच्छिद्र पेशी पाण्याच्या टाक्याच असतात. एरवी स्फॅग्नम हायड्रोजन आयन सोडून भोवतालची आम्लता स्वतः वाढवते; इथे ते काम खडकाने आधीच केलेले असते. त्यामुळेच उत्तर ध्रुवाजवळच्या थंड प्रदेशांतले स्फॅग्नम बाल्टिकम इतक्या दक्षिणेला तग धरून आहे. या लोह-फेनमधली त्याची नोंद २००२ मध्ये प्रसिद्ध झाली.

फेनच्या पुनर्स्थापनेचे काम करणाऱ्यांची गफलत होते ती पाण्याच्या रंगापाशी. हा सारा खाणपट्टा आहे. ५ ऑगस्ट २०१५ रोजी गोल्ड किंग खाणीतून सुमारे ३० लाख गॅलन दूषित पाणी फुटून बाहेर पडले आणि अ‍ॅनिमस नदी पिवळी-नारिंगी झाली. त्यानंतर तांबडे पाणी दिसले की ‘प्रदूषण’ म्हणण्याचा मोह साहजिक आहे. पण इथल्या लोहाच्या थरांपैकी कित्येक हजारो वर्षांपूर्वीचे आहेत, आणि खाणी सुरू झाल्या १८७० च्या दशकात. अशा जागी चुना टाकून सामू चढवणे म्हणजे स्फॅग्नमच्या मुळावर उठणे. (मुळे त्याला नसतात, ही गोष्ट वेगळी.)

खरे नुकसान चरांनी होते. चर खणला की उतारावरचे पाणी निथळून जाते आणि पीट उघडे पडते. मग रात्री त्यात बर्फाच्या सुया उभ्या राहतात, लावलेली रोपे वर उचलतात आणि दुपारी वितळून त्यांना आडवे पाडतात. म्हणून आधी चर बुजवून पाण्याची वाट पूर्ववत करायची, मग लव्हाळ्यांसारख्या सेजची रोपे आणि शेवाळाचे तुकडे लावायचे, आणि त्यांवर लगोलग आच्छादन पसरायचे.