जागेचा भाव आणि जागेचा खर्च

गेल्या ज्येष्ठात आमचे साडू धारहून देवासला आले, ते प्लॉटचा नकाशा काखोटीस मारूनच. निवृत्तीचा पैसा हाती आलेला, मुलगा येथील कारखान्यात नोकरीस; तेव्हा गावाबाहेरच्या एका नव्या कॉलनीत तीस बाय चाळीसचा तुकडा घ्यावयाचा त्यांनी योजिले होते. "अण्णासाहेब, शहराच्या निम्म्या भावात मिळतो आहे!" ते समाधानाने म्हणाले. उरलेले निम्मे कोठे दडलेले असते, ते आम्ही पुढील चार दिवसांत पाहिले. वाचकांस उपयोगी पडेल म्हणून ती हकीकत देत आहे.

पहिला दिवस तहसिलीत गेला. पुण्याची मंडळी ज्यास सात-बारा म्हणतात, तो आपल्याकडे खसरा. त्यात ती भूमी अद्याप शेतीचीच होती. म्हणजे डायव्हर्शनचा प्रीमियम आणि वाढीव सारा घेणाऱ्याच्या माथी! रजिस्ट्रीचा मुद्रांक निराळा. शिवाय रजिस्ट्री झाली म्हणजे खसऱ्यात नाव चढले असे नव्हे, नामांतरण करून घ्यावेच लागते. नगर तथा ग्राम निवेश कार्यालयाची ले-आउटला मंजुरी नव्हती. अशा वस्तीतील रस्ते व गटारे रंगीत कागदावरच असतात, आणि पुढे ती खरोखर होऊ लागली की विकास शुल्काची मागणी घरोघर येते.

धारकडील वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आदिवासी भूमिस्वामीची जमीन इतरांस देण्यावर भू-राजस्व संहिता, 1959 च्या 165 व्या कलमाचे कडक निर्बंध आहेत. ते असावेत, असेच माझे मत आहे. परंतु मधल्या दलालाच्या शब्दावर विसंबून पैसे ओतणाऱ्याचे घर आणि पैसा दोन्ही जाण्याचा प्रसंग येतो.

कागदांपेक्षा मातीने आम्हांस अधिक शिकविले. शेजारी एकाचे जोते चालू होते. सहा फूट खणूनही मुरूम लागला नव्हता. नुसती काळी माती! गव्हाला आणि हरभऱ्याला माळव्याची ही माती म्हणजे माउली, पण घराला ती सावत्र आई. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वर बांधलेल्या भिंती तिरकस तडकतात. यासाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांची पद्धत विकसित केली. ते खांब सुमारे साडेतीन मीटर तरी खोल न्यावे लागतात. त्यातून हा तुकडा नाल्याकाठी, रस्त्याहून सखल. तेव्हा भरावाचे डंपर वेगळेच. गवंड्यास विचारले, तर तो हसून म्हणाला, "मास्तर, इथे अर्धे घर जमिनीतच जाते."

राहता राहिले पाणी. 1990 च्या एप्रिलात इंदूरहून आगगाडीने देवासला पाणी आणावे लागले, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. स्थानकावरील ते टँकर ज्याने पाहिले, तो नळजोडणीची चौकशी केल्यावाचून जागा घेणार नाही. विक्रेता "बोअर मारा" म्हणतो. परंतु काळ्या पाषाणाला भेग असेल तेथेच पाणी, आणि कोरड्या बोअरचेही पैसे द्यावेच लागतात.

चौथ्या रात्री साडूंनी सगळी बेरीज मांडली. शहरातील मंजूर कॉलनीतला प्लॉट तीहून स्वस्त निघाला. ते बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "इसार मात्र मी येण्यापूर्वीच देऊन बसलो होतो." तो त्यांस आजतागायत परत मिळालेला नाही.