मूर्ती महाग, बाई स्वस्त

मैत्रिणींनो, नया नगरमध्ये तसबीहच्या मण्यांमुळे 'कहरुबा' हे नाव ओळखीचे आहे. मराठीत तो तृणमणी. घासला की गवताची काडी ओढतो, म्हणून दोन्ही नावे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची ही राळ इतकी मऊ, की साध्या हत्याराने कोरता येते. बाल्टिक किनाऱ्यावर अश्मयुगातही तिच्या चिमुकल्या मानवाकृती ताईत म्हणून कोरत.

पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने नोंदवले, की अशी इवलीशी मूर्ती कित्येक धडधाकट, जिवंत माणसांहून महाग असते. माणसे तेव्हा बाजारात विकली जात.

आज काय वेगळे आहे? मुंबईच्या उपनगरांत नकली दागिन्यांचे मणी ओवणाऱ्या, खडे चिकटवणाऱ्या बायकांना नगावर मजुरी मिळते. डोळे त्यांचे, वीज त्यांची, जागाही त्यांचीच. आणि या कामाला म्हणायचे काय, तर 'फावल्या वेळचा उद्योग'! घरी बसून काम करणाऱ्यांना कामगाराचे हक्क देणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली झाला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

हातकामाचे कौतुक पुरे. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपला हिशेब आणावा: डझनाला किती मिळाले आणि त्यात तास किती गेले? मागणी तिथूनच सुरू होईल.